आईंची शेगडी आणि अण्णांचा अडकित्ता

आधीच सांगून टाकते, घरगुती औषधांशी माझं काही भांडण नाही. आजही माझ्या उशाशी सुंठेची डबी असते, सांधे धरले की मी निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा घेते आणि संध्याकाळी डोळे मिटून भ्रामरी केल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. ज्यांना हे मानायचं नसेल त्यांनी मानू नये, माझे गुडघे मानतात. मी लिहिते आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. गेल्या हिवाळ्यात, भोपाळच्या आमच्या घरातल्या एका बंद खोलीत, मी आणि माझ्या सासूबाई बऱ्या होण्यासाठी नाना उपाय करत होतो, आणि ते करता करता आमच्यात एक तिसरं माणूस येऊन बसायला लागलं.

हसू आलं तर हसा. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसले असते.

दुखणं

पावसाळा सरता सरता मला चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण जाताना सांधे धरून ठेवून गेला. बाटलीचं झाकण फिरवता येईना, वेणी घालता येईना, सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायचे म्हटलं तरी भिंत धरावी लागायची. डॉक्टर म्हणाले, "टाइम लगेगा, मैडम." टाइम म्हणजे किती, ते या आजारात कुणी सांगत नाही. मी ऑफिसातून रजा घेतली आणि घरात बसले. मी मुळात बसणारी बाई नाही. त्यामुळे दुखण्यापेक्षा चिडचिड जास्त.

तेव्हा आईंनी मला ताब्यात घेतलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी ओलांडलेल्या, मूळच्या नागपूरच्या. माझे सासरे, अण्णा, सरकारी नोकरीत होते. नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा तेही हलले, आणि पुढे लग्न होऊन आई इथे आल्या. जवाहर चौकामागच्या एका जुन्या बैठ्या घरात आम्ही सगळे भाड्यानं राहायचो. अण्णा त्याच घरात गेले. मागच्या उन्हाळ्यात मालकानं ते घर पाडायला काढलं, तेव्हा आम्ही गोविंदपुऱ्याच्या बाजूला, श्रीकांतच्या कारखान्यापासून जवळ, नव्या फ्लॅटमध्ये आलो. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. सामान हलवताना आईंनी अर्धं घर भंगारात दिलं, पण दोन वस्तू स्वतः मांडीवर घेऊन आल्या. एक अण्णांचा पितळी अडकित्ता आणि दुसरी त्यांची स्वतःची लोखंडी शेगडी.

"डॉक्टरच्या गोळ्या पोटात, माझं औषध अंगाला," आई म्हणाल्या. "दोघांचं भांडण नाही, नंदा. तू फक्त पडून राह्य."

श्रीकांतची रवानगी हॉलमधल्या दिवाणावर झाली आणि आई माझ्या खोलीत झोपायला आल्या. लसूण आणि ओवा घालून कढवलेलं तिळाचं तेल, जाड्या मिठाची गरम पुरचुंडी, सुंठ-गुळाची गोळी आणि या सगळ्याच्या मधोमध ती शेगडी. लेक आता बाहेरगावी असते, तिच्या वेळी बाळंतपणात माझी पाठ याच शेगडीवर शेकली होती. फुललेल्या निखाऱ्यांवर आई ओवा, लसणाच्या साली आणि चिमूटभर वेखंड टाकायच्या. धूर उठायचा, खोली त्या वासानं भरायची आणि माझी बोटं हळूहळू सैल व्हायची.

"वारा लागला की केलेलं सगळं पाण्यात," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. जुन्या घरात फटींत कितीही बोळे कोंबले तरी वारा कुठून ना कुठून यायचाच. तावदानं हलायची, कौलांतून उजेड दिसायचा. नव्या फ्लॅटच्या सरकत्या काचेच्या खिडक्या बघून आईंना कोण आनंद झाला. काच सरकवली की बाहेरच्या स्कूटरचा आवाजसुद्धा येत नसे. वर एक जाळीचा झरोका होता, तो त्यांनी श्रीकांतला स्टुलावर चढवून पुठ्ठा आणि चिकटपट्टीनं बुजवून घेतला. दाराखाली जुनी चादर गुंडाळून लावली.

"आता कशी खोली झाली! डबीसारखी," त्या म्हणाल्या.

सुरुवातीला खरंच सुख होतं, ते नाकारणार नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की आम्ही दोघी शेगडीच्या दोन बाजूंना बसायचो. आधी धुरी, मग अनुलोम-विलोम, मग भ्रामरी. सासू-सुना एकमेकींसमोर डोळे मिटून गुणगुणतायत, हे चित्र बघून श्रीकांत दारातून म्हणायचा, "क्या बात है, युद्धविराम झाला वाटतं!" थोडा वेळ उभा राहायचा आणि "काय उकडतंय यार इथे" म्हणून निघून जायचा.

कट्

डिसेंबरात माझं डोकं दुखायला लागलं. कपाळावर घट्ट पट्टी आवळल्यासारखं. मळमळ, छातीवर ओझं, उठलं की डोळ्यांच्या कडेला काळोख. मला वाटलं, चिकनगुनियाचंच शेपूट असेल. आई म्हणाल्या, थंडी भरली आहे, आणि त्यांनी आणखी कोळसे घातले.

अशाच एका संध्याकाळी, डोळे मिटून श्वास आत घेत असताना मला ऐकू आलं.

कट्.

मग थोडी शांतता. मग पुन्हा, कट्.

हा आवाज मला लग्न झाल्यापासून ओळखीचा होता. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की अण्णा वेताच्या खुर्चीत बसून सुपारी कातरायचे. घाई अजिबात नाही. एक खांड, मग विचार केल्यासारखं थांबणं, मग दुसरं. त्यांची खुर्ची नेहमी दाराकडच्या कोपऱ्यात असायची, कारण त्यांना वारा सोसायचा नाही. खिडकीजवळ बसलेले अण्णा मी कधी पाहिलेच नाहीत. तीच खुर्ची आता या खोलीत, दाराकडच्या कोपऱ्यात होती.

मी डोळे उघडले. खुर्ची रिकामी. तिच्यावर आईंची शाल.

मी कुणालाच काही बोलले नाही. काय बोलणार? पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायला लागली तशी मी खुर्चीकडे पाठ करून बसले. दिवा लागला, निखारे फुलले आणि तो आवाज आला.

मग एकदा भ्रामरी करताना गंमत झाली. गंमत म्हणते, कारण दुसरा शब्द सुचत नाही. कानांवर बोटं ठेवून आम्ही दोघी गुणगुणत होतो. आईंचा आवाज वरचा, थरथरणारा. माझा जाड. आणि दोघींच्या खाली, पार खाली, आणखी एक. मी माझा आवाज थांबवला. आईंनीही त्यांचा थांबवला, बहुधा त्याच कारणासाठी. तो तिसरा मात्र लगेच थांबला नाही. श्वास पुरेल तितका चालला आणि मग संपला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"तुलाही ऐकू येतं नं?" आईंनी विचारलं.

मी मान हलवली.

"मग बरं आहे, बाप्पा." त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. "मला वाटलं मी म्हातारी झाली, भास होऊन राहिले. तुलाही येतं म्हणजे तेच आहेत."

त्या क्षणी मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. एकटीला ऐकू आलं असतं तर स्वतःला वेडी म्हणून गोळी घेऊन झोपले असते. दोघींना एकच ऐकू येतंय म्हटल्यावर कुठल्या डॉक्टरकडे जायचं?

घर लाभत नाही

तरी डॉक्टरकडे गेलेच. रक्त तपासलं, रिपोर्ट चांगले. विलक्षण म्हणजे दवाखान्यातल्या बाकावर नंबराची वाट बघत बसले की माझं डोकं उतरायचं. घरी आले, खोलीत शिरले, की संध्याकाळपर्यंत पुन्हा चढायचं. डॉक्टरांनी एकदा विचारलंही, "घर में हीटर चलाते हैं क्या? बंद कमरे में?"

"नहीं, हीटर तो है ही नहीं हमारे यहाँ," श्रीकांत म्हणाला.

खोटं नव्हतं ते. हीटर नव्हताच आमच्याकडे. शेगडी त्याच्या डोक्यात आली नाही, माझ्याही आली नाही. शेगडी काय जाळायची वस्तू होती का? ती आमच्या लेखी तेलासारखी, काढ्यासारखी, औषधाच्या बाजूला बसलेली होती. डॉक्टरांनी "टेंशन मत लीजिए" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

बरं, बघणाऱ्याला आम्ही आजारीही दिसत नव्हतो. शेजारच्या शर्मा भाभी डब्यात मटार घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अरे वाह, सास-बहू दोनों के गाल तो देखो, कैसे लाल हो रहे हैं! सिकाई लग रही है." नागपूरहून माझ्या नणंदेचा फोन आला तेव्हा आईंनी तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "नंदा, मला वाटते ते घर लाभलं नाही तुम्हाला. एकदा वास्तुशांत करून घ्या." मी रागानं फोन ठेवला आणि मग सबंध दुपार तोच विचार करत बसले.

श्रीकांतचं आणि माझं त्या दिवसांत रोज वाजायचं. तो म्हणायचा, दोघी दिवसभर खोलीत कोंडून घेता, एकमेकींना गोष्टी सांगता, दुसरं काय होणार? मी म्हणायचे, तू एक संध्याकाळ बसून बघ. एकदा तो बसला. पण बसताना दार उघडं टाकून बसला, आईचं ऐकलं नाही. आवाज झाला तसा तो म्हणाला, "काही तरी तडकतंय," आणि मोबाईल बघत राहिला. अण्णा काही आले नाहीत. आई त्याच्यावर फुगून बसल्या.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. एक म्हातारी आणि तिची आजारी सून, त्यांना संध्याकाळी एक ओळखीचं माणूस भेटतं, एवढंच असतं तर असू दे म्हटलं असतं. पण आई बदलायला लागल्या. जेवल्या की नाही ते विसरू लागल्या. मला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागल्या. चालताना झोक जायचा. आणि एका संध्याकाळी माझ्या मनगटाला तेल चोळता चोळता सहज म्हणाल्या, "ते म्हणून राहिले होते, चल आता. किती दिवस बसशील?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नंदाचे हात बरे होऊ द्या."

मी हात मागे ओढून घेतला. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. लग्न होऊन आले तेव्हा मला कुकरची शिट्टी काढता येत नव्हती. या बाईनं मला भाकरी थापायला शिकवली, माझी पोर वाढवली, माझ्याशी मनसोक्त भांडली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही अशा आमच्या दोघींच्या तऱ्हा. ती आता माझ्या सांध्यांच्या भरवशावर जिवंत आहे की काय, असं मला वाटायला लागलं. त्या दिवसापासून बोटं वळायला लागली तरी मी ती वळत नाहीत असं दाखवू लागले.

आणि आई बिचाऱ्या आणखी कोळसे घालत राहिल्या.

तांब्या

जानेवारीत मावठं आलं. आभाळ भरलेलं, बोचरं गार. त्या दिवशी आईंनी सकाळपासूनच शेगडी पेटवली, मला तेल लावलं आणि दार लावून घेतलं. श्रीकांत कारखान्यात गेला होता. आम्ही दोघी आजारी म्हणून तो जाताना घराची चावी शर्मा भाभींकडे ठेवून जायचा.

मला गुंगी आली. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली ती आईंच्या बोलण्यानं. त्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या आणि समोर बघून लाजल्यासारख्या हसत होत्या.

"हो, येते नं. शाल तर घेऊ द्या," त्या म्हणत होत्या.

मी मान वळवली. वेताची खुर्ची रिकामी होती. अण्णा खिडकीखाली बसले होते. जमिनीवर मांडी घालून, डोक्याला मफलर बांधून, हातात अडकित्ता. मला त्यांच्या मफलरवरची चौकडी दिसत होती. ते आईंकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

मी ओरडायला गेले तर आवाज फुटेना. उठायला गेले तर कमरेखाली पाय आहेत की नाहीत कळेना. आई उभ्या राहिल्या, डुलल्या आणि खिडकीच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. तेव्हा मला जो राग आला तो काय सांगू! भीती कुठल्या कुठे गेली. इतकी वर्षं अण्णांसमोर मी मोठ्यानं बोलले नव्हते. मनातल्या मनात म्हणाले, अण्णा, तुमचा मान राखला, पण आईंना हात लावायचा नाही. उशाशी पाण्यानं भरलेला पितळी तांब्या होता. चिकनगुनियाच्या बोटांनी तो कसा धरला देव जाणे. होता नव्हता तेवढा जोर लावून मी तो सासऱ्यांच्या अंगावर भिरकावला.

तो त्यांना लागला नाही. वरच्या वर काचेत गेला.

काच फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गार वारा, पावसाच्या वासाचा, सरळ तोंडावर. मला एवढंच आठवतं की तो वारा मी पाण्यासारखा प्याले. आई पलंगाशी कोसळल्या होत्या. खिडकीखाली काचा होत्या, सांडलेलं पाणी होतं, आणि कुणीही नव्हतं. मग खालून कोणाची तरी आरडाओरड, कुलपात चावी फिरल्याचा आवाज आणि शर्मा भाभी दारात.

"हे भगवान! ये क्या हो गया? इतनी घुटन!" असं म्हणत त्यांनी आधी सगळी दारं उघडली. त्यांचे उपकार मी कुठे फेडू?

वॉर्डात

शुद्धीवर आले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पलीकडच्या खाटेवर आई, त्यांच्याही तोंडावर मास्क, पण डोळे मिटलेले. श्रीकांत मधल्या स्टुलावर. त्याच्या अंगावर अजून कारखान्याचा शर्ट होता.

एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आईंची शाल उचलून हुंगली आणि श्रीकांतला विचारलं, "कमरे में क्या जलाते हैं आप लोग?"

"कुछ नहीं," श्रीकांत म्हणाला.

"फिर ये बास काहे की है?"

"वो तो दवा है. अजवाइन की धूनी."

"धूनी किस पे देते हैं?"

मी त्याचा चेहरा बघत होते. कारखान्यात भट्टीजवळचा पंखा कुणी बंद केला तर हा माणूस आख्खं खातं डोक्यावर घेतो. त्याला सगळं एका दमात कळलं. तो आईच्या खाटेच्या कडेला कपाळ टेकून बसला आणि झरोक्यावरच्या पुठ्ठ्याबद्दल काहीतरी पुटपुटू लागला. मी मास्कमधूनच म्हटलं, "तुला स्टुलावर चढवणाऱ्या आम्हीच होतो."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बंद खोलीत कोळसा जळत राहिला की त्यातून एक वायू साठतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो. माणूस गुंगतो, डोकं भलतंसलतं दाखवायला लागतं आणि मग एक दिवस माणूस उठत नाही. आम्ही त्यात बसून दीर्घ श्वसन करत होतो. रोगापेक्षा इलाज भयंकर ही म्हण मी शाळेपासून ऐकत आले, पण इलाज छाती भरभरून आत घेणाऱ्या आम्हीच असू.

तीन प्रश्न माझ्याकडे होते. आवाज कसला? कोळसा तडकण्याचा, त्या म्हणाल्या. गुणगुणणं? कान वाजत होते. आणि दोघींना एकच माणूस कसं?

"आप दोनों एक ही आदमी को तो जानती थीं, आंटी. अंगीठी की आवाज़ भी एक, याद भी एक."

मला पटलं. उजेड असताना अजूनही पटतं. एक गोष्ट मात्र मी त्यांना विचारली नाही.

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे फरशी पुसणारीची बादली, मग चहावाला, मग रक्त घेणारा, मग राउंड. माझं डोकं लवकर निवळलं. आईंचं नाही. डॉक्टर म्हणायचे, वय आहे, किती परत येतील सांगता येत नाही. मी त्यांच्या खाटेशी बसून त्यांचे तळवे चोळायचे, तेलाशिवाय, नुसत्या हातानं. वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरनं एका सकाळी काही न बोलता माझी वेणी घालून दिली. त्या वेणीला हात लावून मी बाथरूममध्ये हुंदके देऊन रडले. आजारपणात माणूस मोठ्या गोष्टींना पुरून उरतो आणि असल्या गोष्टींनी विरघळतो.

आईंनी डोळे उघडले तेव्हा श्रीकांत जवळ होता. त्यांनी त्याला ओळखलं, गालाला हात लावला आणि विचारलं, "ते जेवले का?"

श्रीकांत "हो" म्हणाला आणि वॉर्डाबाहेर निघून गेला.

आता

आता आमच्याकडे शेगडी गॅलरीत असते, तीही तुळशीशेजारी, रिकामी. दुधानं तोंड पोळलंय, ताकही फुंकून पितो. मिठाची पुरचुंडी गॅसवरच्या तव्यावर गरम होते, वाफारा स्वयंपाकघरातल्या पातेल्यातून येतो आणि तेवढ्यानं माझे सांधे तितकेच बरे वाटतात. झरोक्यावरचा पुठ्ठा श्रीकांतनं स्वतः फाडला. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, बाळंतीण आहे, म्हातारं आहे, त्यांना हात जोडून सांगते, तुमचा ओवा, तुमची हळद, तुमचं प्राणायाम सगळं सुखानं करा. पेटता कोळसा मात्र बंद खोलीत नेऊ नका. आणि कुणी विचारलं की घरात काय जाळता, तर औषध म्हणून जाळता तेही सांगा.

आई बऱ्याच परत आल्या. काही गोष्टी राहिल्या तिकडेच. दूध उतू जाताना त्या नुसत्या बघत उभ्या राहतात, कधी नातीचं नाव आठवत नाही. पण भांडतात पूर्वीसारख्या, म्हणजे आहेत.

होळीनंतरची एक संध्याकाळ. नवी काच बसवली होती आणि मी ती वीतभर उघडी ठेवली होती. आई स्वेटर घालून, कानाला स्कार्फ बांधून खिडकीशी बसल्या होत्या. आमची भ्रामरी झाली. दोनच आवाज. संपल्यावर आई बराच वेळ वेताच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. तिच्यावर अडकित्ता ठेवलेला होता.

"नंदा, मला सगळं समजते बरं का," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीण काय म्हणाली ते. वेडी नाही मी."

"कोण म्हणतं वेड्या?"

"पण थोडी बंद कर नं ती काच. थोडीशीच. शेगडी नको लावू." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्यांना वारा नाही सोसत. उघड्या खिडकीत ते येतच नाहीत."

एका म्हातारीला तिचा नवरा भेटत होता आणि आम्ही खिडकी उघडून त्याला हाकलून दिला होता. शेगडी नव्हतीच, काच लावली असती तर काही बिघडलं नसतं. मी काचेला हातही लावला. मग वाटलं, आज काच, उद्या दाराखालची चादर. ज्या गोष्टीबद्दल डॉक्टरीणबाईंना विचारलं नव्हतं, ती मी कुणालाच सांगितली नव्हती, श्रीकांतलासुद्धा नाही. त्या संध्याकाळी सांगितली.

"आई, त्या दिवशी अण्णा कुठे बसले होते, आठवतं तुम्हाला?"

"खुर्चीत. आणखी कुठे?"

"नाही. खुर्ची रिकामी होती. खिडकीखाली बसले होते. अगदी काचेखाली, भिंतीला पाठ लावून. आणि तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. म्हणून तर तांब्या तिकडे गेला आणि काच फुटली."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक आली आणि लांब गेली. आईंनी खुर्चीकडे बघितलं, मग खिडकीखालच्या जागेकडे. स्कार्फ कानांवरून घट्ट ओढून घेतला.

"मग वीतभर काय ठेवून राहिली?" त्या म्हणाल्या. "पुरती उघड."